चमकी पट्टीची सायकल

"थंडी सरू दे, मंग जा म्हणलं ना. महिना-दोन महिने न्हाई गेली तर शाळा काय पळून चालली का कुठं?" अण्णा आकांक्षाला म्हणले.

"माझं बी पंधरा दिवसापुरतंच होतं," मी म्हणलो.

अण्णाच्या हातातली चहाची बशी तोंडापाशी जाऊन तशीच थांबली. मायनं चुलीतलं लाकूड उगीच मागं-पुढं केलं. ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत न्हाई. नववीत असताना सोयाबीन काढायला मला पंधरा दिवस घरी ठेवलं होतं. सोयाबीन झालं की कापूस आला, कापूस झाला तर मलाच सकाळी उठू वाटंना, आणि मास्तरनं हजेरीतून नाव कापलं त्याला आता दोन वर्षं झाली. शाळा सोड असं मला कुणी म्हणलं न्हाई. मी बी सोडतो म्हणलो न्हाई. दावं ढिलं बांधलेली म्हैस जशी चरत चरत दिसेनाशी होती, तशी ती गेली.

म्हणून मला माहीत होतं. आकांक्षा एकदा थंडीपुरती घरी बसली की मंग बसलीच. तिची दहावीची परीक्षा मार्चात, शिकवायचं सगळं त्याच्या आधी थंडीतच, आणि घरी बसलेल्या पोरीला बघायला पाव्हणे यायला काही उशीर लागत न्हाई. ती माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान हाय आणि दहा वर्षानं हुशार. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार न्हाई.

आमची वस्ती वडीगोद्रीपासून सात किलोमीटर. दहावीचा जादा तास सकाळी सातला. एसटी येती नऊला, ती बी आली तर. म्हणजे आकांक्षाला सहाला सायकलवर बसावं लागतं, आणि डिसेंबरात सहाला आमच्याकडं अंधारच असतो. त्यात रस्ता कालव्याच्या कडंनं. पाण्यावरून धुकं उठतं आणि रस्त्यावर येऊन बसतं, मंग ते आठ वाजेपर्यंत हलत न्हाई. आपल्याच सायकलचं पुढचं चाक हाय का न्हाई ते पायानं वळखावं लागतं. आणि त्याच रस्त्यानं कारखान्याला ऊस जातो. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या. मागं दिवा कुणालाच न्हाई.

अण्णाचं भ्याव काही उगीच नव्हतं. मागच्या वर्षी शेजारच्या वस्तीवरचा सुमित, बारावीचा, अशाच सकाळी सायकलसगट उभ्या ट्रॉलीत घुसला. ट्रॉली पंक्चर झाली म्हणून ड्रायव्हर ती रस्त्यातच सोडून चहाला गेल्ता. उसाची बुडखं मागं हातभर बाहेर आलेली. अण्णा दूध घालून येत होते, त्यांनीच त्याला ओढून काढला. तवर काही उरलं नव्हतं. घरी आल्यावर अण्णा अंगणात हात धुवत बसले, साबण संपला तरी धुवूनच राह्यले. त्यानंतर सुमितचं नाव त्यांनी कधी काढलं न्हाई. पण धुकं पडलं की ते आकांक्षाच्या निळ्या सायकलकडं असं बघतात जसं काही त्या सायकलनंच केलंय.

शेवटी मायनं तोडगा काढला. आठ दिवस पोरीला जाऊ द्या, बबल्या, म्हणजे मी, मागं सायकलवर जाईल, आठ दिवसात काही वावगं झालं तर तुमचं खरं. अण्णा म्हणले ठीक हाय, पण काही झालं तर सायकल आढ्याला टांगीन आणि मंग उतरवायचं कुणी नाव काढायचं न्हाई. मी म्हणलो मी सगळा बंदोबस्त करतो, थंडीचा, उजेडाचा, सगळा.

"तू काही करू नको," आकांक्षा म्हणली. "तेवढं केलं तरी मी पोचते."

पहिल्या दिवशी तिचे हात गेले. म्हणजे हाताला काही कळंनाच. शाळेत पोचल्यावर हँडलवरची बोटं तिला सोडवता येईनात, मी एक एक करून सोडवली, शेंगा सोलल्यासारखी. दुसऱ्या दिवशी मायनं अण्णाचे लोकरीचे पायमोजे तिच्या हातात घातले. हात गरम झाले. पण पायमोज्याला बोटं नसतात आणि ब्रेकला बोटं लागतात. वडीगोद्रीच्या फाट्यावर उतार हाय. उतार संपतो तिथं चहाचं हॉटेल हाय, हॉटेलपुढं बाकडं हाय आणि बाकड्यावर एक म्हातारा भजे खाऊन राह्यला होता. म्हातारा वेळेवर उठला. भजे न्हाई उठले.

हे घरी सांगायचं न्हाई असं आमचं ठरलं. म्हाताऱ्याला दुसरी प्लेट मी घेऊन दिली, तरी तो जाईपर्यंत आमच्याकडं बघून पुटपुटत होता.

मंग मी डोकं लावलं. थंडीत मोटरसायकलवाले हँडलला कव्हर बांधतात, तसे युरियाच्या गोणीचे दोन कव्हर कापले, आतून जुन्या स्वेटरचं अस्तर लावलं, दाभणानं शिवले आणि हँडलला बांधले. हात आत, ब्रेक आत, वारा बाहेर. हे काम मात्र बिलकुल बराबर झालं, कुणी काही म्हणू दे. फक्त घंटी बी आत गेली आणि तिचा आवाज घागरीखाली बेडूक ठेवल्यासारखा यायला लागला. आणि दोन्ही कव्हरावर मोठ्या अक्षरात युरिया लिहिलेलं होतं ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तिच्या वर्गातल्या पोरी तिला पुढं आठवडाभर युरियाच म्हणून राह्यल्या.

छातीला वारा लागतो म्हणून स्वेटरच्या आत पेपर घालायला लावला. दोन पदरी घडी, गळ्यापासून पोटापर्यंत. रस्त्यानं एकदम गरम. पण ती उत्तर द्यायला वर्गात उभी राह्यली की कडकड आवाज व्हायचा. सरांनी दोनदा विचारलं की कोण वेफर खाऊन राह्यलंय. तिसऱ्यांदा त्यांनी मागच्या बाकावरच्या एका पोराला बाहेर काढलं. आकांक्षा घरी आली ती मला मारायलाच आली, म्हणली त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

कानाचं तर लईच झालं. मायनं तिच्या डोक्याला मफलरचे तीन वेढे दिले. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, भोंगा वाजवून राह्यला, मी बोंबलून राह्यलो, आणि ही पुढं रस्त्याच्या मधून आरामात भूमितीचं प्रमेय म्हणत चाललेली. तिला मी चालत्या सायकलवरून दप्तराला धरून ओढली. ती रस्त्याकडंच्या चारीत गेली, तिच्यावर मी गेलो, माझ्यावर माझी सायकल आली. ट्रॅक्टर गेला तो थांबला बी न्हाई. बाभळीचे काटे किती निघाले ते मोजलेच न्हाईत. माय सुईनं काढत बसली होती, तेवढ्यात अण्णा आले.

अण्णांनी विचारलं हे कशाचे काटे. आकांक्षा म्हणली शाळेमागं बोरं काढायला गेल्ते. अण्णांनी काटा हातात घेतला, उजेडाकडं धरून बघितला आणि खाली ठेवला. आयुष्य रानात गेलेल्या माणसाला बोरीचा काटा कोणता आणि बाभळीचा कोणता हे सांगायला कुणी लागत न्हाई.  ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तो सातवा दिवस होता. एक राह्यला होता. मी ठरवलं की आता उजेडाचं पक्कं करून टाकायचं. रात्री पिकाला पाणी द्यायची अण्णाची डोक्याला बांधायची बॅटरी मी तिच्या हँडलला बांधली, म्हणजे पुढचं झालं. मागचं राह्यलं. सुमितचं तरी काय, त्याला पुढचं दिसलं न्हाई. पण मागून येणाऱ्याला आपण दिसलो न्हाई तर?

नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीनं आमच्या दोन एकरात ज्वारीचा प्लॉट दिलेला हाय. कंपनीचे पारसभाऊ पंधरा दिवसाला गाडी घेऊन येतात, कणसं बघतात, आणि कणसात दाणा भरायला लागला की चमकी पट्टीचे बंडल देतात. एका बाजूनं चांदी, दुसऱ्या बाजूनं लाल. प्लॉटच्या चारी बाजूनं ती ताणून बांधायची. वारा आला की ती लखलखती आणि भुंग्यासारखी गुणगुणती, मंग पाखरू जवळ येत न्हाई. पारसभाऊ म्हणले होते की अर्ध्या कोसावरून दिसती. एक बंडल उरलं होतं.

मी विचार केला, आभाळातल्या पाखराला जर ही दिसती तर ट्रॉलीवाल्याच्या बापाला बी दिसंल. पाखरू जवळ का येत न्हाई ह्याचा विचार मी केला न्हाई.

बंडल सगळं संपवलं. कॅरिअरला गुंडाळली, मडगार्डला गुंडाळली, दोन्ही चाकाच्या तारात विणली, दप्तराच्या पट्ट्याला बांधली आणि मागं सहा लांब शेपट्या सोडल्या. मंग अंगणात सायकल फिरवून मी त्याच्यावर मोबाईलचा उजेड मारला. शेळी दावं तोडून गेली, ती थेट मारुतीच्या पारावर सापडली. तवाच मला कळायला पायजे होतं. पण मी म्हणलो शेळी येडी हाय.

"मी शाळेत चालले का कुणाच्या वरातीत?" आकांक्षा म्हणली.

मी तिला म्हणलो, लाजून मरशील का ट्रॉलीखाली मरशील ते सांग. असं मी बोलायला नको होतं. सकाळी ती तशाच सायकलवर बसून निघाली.

आठव्या दिवसाचं धुकं त्या थंडीतलं सगळ्यात दाट होतं. आम्ही निघालो तवा अण्णा तोंडावर घोंगडी घेऊन झोपलेले होते. झोपलेले म्हणजे तसं दाखवून राह्यले होते. आम्ही वळणावर गेल्यावर ते उठले, तीच काळी घोंगडी डोक्यावरून कानावरून बांधली, मोटरसायकल काढली आणि आम्हाला कळू नये म्हणून लाईट बंद ठेवून आमच्या मागं निघाले. पोरगी कशी जाती ते त्यांना आपल्या डोळ्यानं बघायचं होतं.

तीन किलोमीटरवर कालव्याचा पूल हाय. पुढून अप्पारावची बैलगाडी येत होती, दोन टन ऊस भरलेली. अप्पाराव बीडकडचा, ऊसतोड टोळीतला. तो बैलापाशी पायी चालून राह्यला होता आणि त्याची बायको दैवशालाकाकू वर उसावर गोधडी घेऊन झोपली होती. त्यांच्या मागं कापसाचा ट्रक अडकला होता. ट्रकवाल्याला जल्दी होती, त्यानं मोठा लाईट मारला. तो उजेड गाडीच्या बाजूनं येऊन सरळ आकांक्षाच्या सायकलवर पडला. त्याच टायमाला कालव्यावरून वारा आला.

मी मागून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. धुक्यात एवढं काही पेटलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चाकं फिरत होती, शेपट्या लाल-पांढऱ्या उडत होत्या आणि सगळं मिळून गुणगुणत होतं.

बैलांनी ज्वारीवरच्या चिमण्या करतात तेच केलं. फरक एवढाच की चिमणीच्या मागं दोन टन ऊस बांधलेला नसतो.

ते जागच्या जागी उलटे वळले. एक चाक कठड्याच्या दगडावर चढलं, गाडी कलली, आणि ऊस घसरायला लागला तो थांबंचना. दैवशालाकाकू उसावर बसूनच खाली आली. रस्त्याला टेकल्यावर ती जागी झाली आणि तिनं विचारलं, "कारखाना आला का?" मंग तिनं इकडं तिकडं बघितलं आणि जे बोलायला सुरुवात केली ते मला इथं लिहिता येणार न्हाई. आकांक्षा कठड्याला लागून सायकल धरून उभी होती. तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. तिनं वेळेवर ब्रेक दाबला होता, कारण तिचे हात गरम होते.

सगळा रस्ता उसानं भरला, कंबरंएवढा. मला पहिलं काय सुचलं तर कुणी येऊन ह्याच्यात घुसू नये. म्हणून मी उसावरून चढून ट्रककडं पळालो, त्या बाजूनंच गाड्या येतात म्हणून. ट्रक तर आधीच थांबला होता. आमच्या वस्तीच्या बाजूनं ह्या टायमाला कोण येतंय, असं मला वाटलं.

तेवढ्यात त्याच बाजूनं फटफटीचा आवाज आला. आवाज होता, उजेड नव्हता. आमच्या मोटरसायकलचा सायलेन्सर ढिला हाय, ती कुठं बी वळखू येती. मी ओरडलो. आकांक्षा ओरडली. ट्रकवाल्यानं भोंगा दाबून धरला. अण्णाच्या कानावर घोंगडीचे दोन पदर होते.

ते उसात घुसले.

दैवशालाकाकूचं बोलणं मधीच बंद झालं. ट्रकचा भोंगा बंद झाला. माझ्या डोळ्यापुढं ते साबणाचे हात आले. आकांक्षा माझ्या आधी पोचली. ती हातानं ऊस उपसून राह्यली होती, पानं हाताला कापत होती तरी.

मंग उसाच्या आतून आवाज आला. "आकांक्षे, तुला लागलं का?"

ती म्हणली न्हाई.

"मी म्हणलं नव्हतं का," अण्णा आतूनच म्हणले, "रस्ता खराब हाय म्हणून."

उजव्या हाताचं मनगट उलटं लोंबत होतं. तोंड सोललं होतं. मोटरसायकलचं पुढचं चाक अशा जागी गेल्तं जिथं चाक नसतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर म्हणले तासभर लागंल. ट्रक वळवायला पुलावर जागा नव्हती. कुणी काही ठरवायच्या आत आकांक्षानं ट्रकच्या क्लीनरला हाताशी धरून सायकल उसाच्या पलीकडं नेली आणि अण्णाला म्हणली, बसा मागं. मी बी निघालो तर माझी कॉलर कुणीतरी धरली. अप्पाराव होता. तो फक्त एवढंच म्हणला की तू ऊस भरायचा.

पुढचं आकांक्षानं सांगितलेलं हाय. चार किलोमीटर अण्णा मागून डाव्या हातानं तिचं स्वेटर धरून होते आणि सूचना देऊन राह्यले होते. हळू घे. खड्डा हाय. डाव्या अंगानं चल. ब्रेक लागतोय का. पण रस्त्यात ज्यानं कुणी तिला बघितलं तो आपोआप बाजूला झाला. दोन ट्रॅक्टर खाली उतरले, एक जीप तर थांबूनच राह्यली. डॉक्टरनं हाड बसवलं, प्लास्टर केलं. अण्णाला तिथं बसवून ती वर्गात गेली तवा आठ वाजले होते, आणि उशीर झाला म्हणून सरांनी तिला तास संपेपर्यंत बाहेर उभी केली. तिनं कारण सांगितलं न्हाई. म्हणली, तुझ्या पट्टीचं कारण कुणाला खरं वाटलं असतं?

मी संध्याकाळपर्यंत ऊस भरला. उसाच्या पानाची बारीक काटेरी कूस अंगात शिरती, ती रात्रभर झोपू देत न्हाई. दैवशालाकाकूनं मला दुपारी भाकर दिली आणि देताना म्हणली, खा, मेल्या, तुला मारायला तरी अंगात जीव पायजे. दुसऱ्या दिवशी अप्पाराव मला घेऊन आमच्या घरी आला. त्याचा हरण्या नावाचा बैल पुढच्या पायानं लंगडत होता. मुकादमानं बदली बैल दिला होता, पण हरण्याला दोन टाइम शेकायचं कोण, आणि त्याच्या बायकोची कंबर धरलीय, तर मोळ्या कोण वाहणार? बैल सरळ चालंस्तवर पोरगं माझ्याकडं राहील, असं तो म्हणला. अण्णा त्याचं बोलणं संपायच्या आत हो म्हणले.

आणि आकांक्षाकडं न बघता त्यांनी सांगितलं, सायकल टांगा.

टांगा म्हणायला माणूस होता, टांगायला कुणी नव्हतं. अण्णाचा हात प्लास्टरमधी, मी चाललेलो, आणि माय तर पदर खोचून दारातच उभी राह्यली.

"पडलं कोण?" मायनं विचारलं.

अण्णांनी प्लास्टर मांडीवर नीट घेतलं.

"पोरगी पडली का? पोरगी तुम्हाला घेऊन दवाखान्यात गेली. लाईट बंद करून, कान बांधून, काळं घोंगडं घेऊन कोण हिंडत होतं?"

अण्णा म्हणले ते सगळं खरं, पण आता मागून बघायला कोण हाय, बबल्याला तर ह्यांनी नेला, मागून गाडी आली तर तिला सांगणार कोण.

"मंग तुम्ही बसा मागं," माय म्हणली.

ती टोमणा मारत होती. हे तिला बी माहीत होतं, अप्पारावला बी माहीत होतं, तो हसला सुद्धा. अण्णा हसले न्हाईत. त्यांनी डाव्या हातानं सायकलचं कॅरिअर दाबून बघितलं आणि ते म्हणले, उलटं बसावं लागंल.

अप्पारावनं मधी अडवलं, ती पट्टी काढा, न्हाईतर टोळीच्या बारा गाड्या कालव्यात जातील. ज्या पोरीनं त्या पट्टीपायी मला शिव्या दिल्या तीच आता हटून बसली. म्हणली जीप कशी थांबली ते मी बघितलंय, पट्टी निघाली तर मीच जाणार न्हाई. पुष्कळ बोलाचाली झाली. शेवटी ठरलं ते असं की अण्णाजवळ एक मोठा बारदाना राहील. बैल आले की अण्णा तो मागच्या शेपट्यावर आणि चाकावर टाकतील, आणि आकांक्षा बॅटरीवर हात धरून उतरून पायी जाईल. पण धुक्यात तिला बैल दिसंस्तवर बैलाला ती दिसती. म्हणून पहिल्या गाडीवर तेज डोळ्याचं कुणीतरी बसायचं आणि लांबूनच आवाज द्यायचा. माझे डोळे तेज हायेत. त्याच्यात कुणी मला हटवू शकत न्हाई.

ह्याला आता तीन आठवडे होत आले. मी कालव्याच्या पलीकडं टोळीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतो. साडेपाचला गाड्या निघतात, मी पहिल्या गाडीवर उसाच्या शेंड्याला बसतो. आमच्या गाडीला बी मागं दिवा न्हाई. मी अप्पारावला दोनदा म्हणलो, मामा, लाल कापड तरी बांधू. तो म्हणला, तू काही बांधायचं नाव काढू नको. तिथं वर बसलं की कळतं, थंडी कशाला म्हणतात ते. तोंडातून शब्द निघायच्या आधी दात वाजतात. मंग लांब कुठं तरी धुक्यात लखलख करत काहीतरी येताना दिसतं. मी ओरडतो, "झाकाऽ". अण्णा आता कान बांधत न्हाईत. ते बारदाना टाकतात आणि ते लखलखतं सगळं एकदम विझतं. एक, दोन, तीन, बारा गाड्या त्या अंधाराच्या बाजूनं जातात. अण्णा पाठमोरे बसलेले असतात, त्यामुळं जवळून गेल्यावर त्यांचं तोंड मला दिसतं. त्यांना माझं दिसतं.  बारावी गाडी गेली की मागं परत लखलख सुरू होती.

तवापासून आकांक्षाचा एक बी तास चुकलेला न्हाई. पण चढावर अण्णा उतरत न्हाईत, म्हणतात मी उतरलो आणि मागून काही आलं तर. सत्तर किलोचा बाप ओढून तिच्या पायाला गोळे येतात. अण्णाला परत यायला साधन न्हाई, म्हणून ते शाळा सुटंस्तवर तिथंच राहतात. पहिले दोन दिवस हॉटेलवर बसले, मंग त्या भजेवाल्या म्हाताऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं. आता ते सरांना विचारून मागच्या बाकावर बसतात. अण्णा चौथी शिकलेले हायेत. परवा मी घरी चक्कर मारली तवा मायला म्हणत होते की बीजगणिताचे सर लई जल्दी शिकवतात, कुणाच्या ध्यानात येत न्हाई. पोरी आकांक्षाला आता युरिया म्हणत न्हाईत. काय म्हणतात ते ती सांगत न्हाई.

हरण्या अजून लंगडतो. मला वाटतं मी शेकतो म्हणून त्याला ते आवडायला लागलंय.

काल संध्याकाळी आमच्या शेजारी दुसरी टोळी येऊन उतरली. सोळा गाड्या, लांबून आलेत, त्यांना इथला रस्ता बी माहीत न्हाई. त्यांच्या मुकादमाला पट्टीचं सांगायचं होतं, पण ते कोप्या बांधायच्या घाईत होते, आणि त्यांचा एक पोरगा माझ्या अंगावर आला म्हणून माझं बी डोकं फिरलं, मी म्हणलो मरा, सकाळी सांगू. आज धुकं असं पडलंय की हात लांब केला तर हात गायब. अप्पाराव अजून तोंड धुवून राह्यला, आमचे बैल जुंपले न्हाईत. आणि बाहेर रस्त्यावर घुंगराचा आवाज येतोय, एका मागं एक, तो पुलाकडं चाललाय, आणि त्यांच्या पहिल्या गाडीवर झाका म्हणायला कुणी न्हाई. मला आता निघावं लागंल.